आपोआप जाणारा मेसेज

तिचा हात तिच्या नवऱ्यानं मोडला. पण त्याला कळवलं मी. हे मी पोलिसांना सांगितलं, वाचनालयाच्या समितीला सांगितलं, तिला तोंडावर सांगितलं. तरी ते सांगून संपत नाही, म्हणून आता लिहायला बसले आहे.

इंदापुरातल्या एका वाचनालयात मी देवघेवीच्या टेबलावर बसते. पुस्तक द्यायचं, परत घ्यायचं, शिक्का मारायचा, वहीत लिहायचं. बरीच वर्षं झाली. सगळे मला बाई म्हणतात. आमच्या खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथले चाचा रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी वर येतात, सगळी वर्तमानपत्रं पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचतात आणि मग काळे झालेले हात पुन्हा काळे करायला खाली जातात.

मोबाइलची मला भीती वाटायची. त्याला कारण होतं. नवरा होता तोवर घरात एकच फोन होता, त्याचा. एकदा तो अंघोळीला गेला असताना फोन वाजला आणि मी उचलायला गेले. कुठलं बटण दाबलं कुणास ठाऊक, फोन कट झाला. तो ओल्या अंगानं बाहेर आला आणि माझ्या कानफटात अशी दिली, की डाव्या कानात दोन दिवस कुकरची शिट्टी वाजत होती. ती पहिली नव्हती आणि शेवटचीही नव्हती. पुढं तो काविळीनं गेला. मी रडले, दिवस घातले, आणि नोकरीवर परत आले. पण नंतर स्वतःचा फोन घेतला तरी काचेवर बोट टेकवलं की माझी मान खांद्यात जायची. भाच्या हसायच्या. म्हणायच्या, मावशी फोनला अशी घाबरते, जणू तो चावणारच आहे.

मग एक दिवस ठरलं की वाचनालयाचं सगळं काम संगणकावर आणि मोबाइलवर घ्यायचं. आमचे ग्रंथपाल सर निवृत्तीला आले होते. त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला.

“बाई, माझं आता ह्यात डोकं चालत न्हाय. बारामतीला शिकवणार हायत. तुमी जावा.”

“सर, मला नाही जमायचं.”

“न जमून सांगता कुणाला? दुसरं हाय कोण?”

दुसरं कुणी नव्हतंच. तीन शनिवार मी सकाळच्या एसटीनं बारामतीला गेले. एका कॉलेजच्या संगणकाच्या खोलीत आम्ही गावोगावचे वाचनालयवाले बसलो होतो. शिकवणारी मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. पहिल्याच दिवशी माझ्या हातून काहीतरी दाबलं गेलं आणि तासभर खपून भरलेलं पान पडद्यावरून नाहीसं झालं. ती माझ्या मागंच उभी होती. तिनं माउस घ्यायला हात पुढं केला आणि मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

सगळे वळून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती हळूच म्हणाली, “मॅडम, मी माउस घेत होते.”

“हां. मला वाटलं…” मी म्हणाले. ती समजली असावी, कारण जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली आणि त्यावर एक अक्षर बोलली नाही. पुढच्या शनिवारी मात्र तिनं मला वेगळंच काम दिलं. “आज तुम्ही फक्त चुका करायच्या. पान पुसा. आता परत आणा. परत पुसा.” मी किती वेळा पुसलं आणि परत आणलं कुणास ठाऊक. संध्याकाळच्या गाडीत निमगाव केतकी येईपर्यंत माझं बोट मांडीवर आपोआप चालत होतं.

त्यानंतर मला ते आवडायला लागलं. खोटं कशाला सांगू. पुस्तकांना पट्ट्यापट्ट्यांची चिठ्ठी चिकटवायची, मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरायचा, पीं असा आवाज यायचा आणि पुस्तकाचं नाव उमटायचं. सभासदाच्या नावावर बोट ठेवलं की झाली नोंद. शिवाय त्या ॲपमधून सभासदाच्या फोनवर आपोआप मेसेज जायचा, की तुम्ही अमुक पुस्तक नेलंत, अमुक दिवसात परत करा. पहिला मेसेज मी चाचांना पाठवला. ते खालून दुकानातूनच ओरडले, “बाई, आला बरं का!” दिवसभर येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवत होते. मला वाटलं, चाळिशी उलटल्यावर आपण काहीतरी मिळवलं.

जुन्या सभासदांची नावं, पत्ते, फोन मी वहीतून आणि अर्जांतून बघून भरत गेले. शेकड्यांनी. त्यात तिचाही अर्ज होता.

ती सकाळी अकराच्या सुमारास यायची. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. मुलीला अंगणवाडीत सोडायची, आमच्याकडं दीड तास बसायची आणि मुलीला घेऊन घरी जायची. भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. माहेर कळसला, नवरा लोणी देवकरला एका कारखान्यात कामाला. कोपऱ्यातलं टेबल तिचं ठरलेलं. गणिताचं पुस्तक उघडलं की ओठ हलत राहायचे. मध्येच चुकलं की स्वतःलाच “शी!” म्हणायची. पुस्तकं ती इथंच वाचायची, घरी नेत नसे. एकदा मी सहज म्हणाले, घेऊन जा की. तेव्हा ती टेबलापाशी येऊन हळू आवाजात बोलली.

“बाई, घरी ठाव न्हाय. मी शिवणक्लासला जाती असं सांगितलंय. तुमी कुठं बोलू नका हां.”

“का गं?”

“न्हाय आवडत त्यांना.”

मी मान हलवली. न आवडण्याचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती.

परीक्षा जवळ आली तेव्हा तिनं पहिल्यांदा दोन पुस्तकं घरी न्यायचं ठरवलं. पिठाच्या डब्यामागं ठेवीन म्हणाली. मी पुस्तकं घेतली, कॅमेरा धरला. पीं. पीं. नावावर बोट ठेवलं. ती पुस्तकं पिशवीत मेथीच्या जुडीखाली घालून गेली. अर्ज भरला तेव्हा तिच्याकडं स्वतःचा फोन नव्हता. अर्जावर तिनं नवऱ्याचा नंबर लिहिला होता, आणि तो मीच माझ्या हातानं ॲपमध्ये भरला होता. त्या क्षणी माझ्या मनात काय होतं, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. काही नव्हतं. पीं आवाज आला की मला बरं वाटायचं, तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मला वाटलं, घरी अभ्यास करत असेल.

बाराच्या सुमारास तो आला. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. अंगात कारखान्याचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र तसंच लटकलेलं. सर बाहेर कामाला गेले होते. आत वाचायला दोन म्हातारे होते. त्यानं ती दोन्ही पुस्तकं माझ्या टेबलावर आपटली. एकाची पाठ उभी फाटलेली होती, दुसऱ्याला पानंच नव्हती, नुसतं पुठ्ठ्याचं कव्हर. मग त्यानं फोन माझ्या नाकासमोर धरला.

“ह्यो मेसेज कुणी पाठवला?”

मी वाचला. सप्रेम नमस्कार, आपण खालील दोन पुस्तके नेली आहेत. तेव्हा, त्या क्षणाला, मला सगळं कळलं.

“मी,” म्हणाले.

“माझी बायको शिवणक्लासला जाती. हितं तिला भेटायला कोण येतं?”

“कुणी येत नाही. ती अभ्यास करते.”

“कुणाला इचारून?”

“ती कुठं आहे?” मी विचारलं.

त्यानं संगणकाचा पडदा दोन्ही हातांनी उचलला आणि फरशीवर घातला. काच माझ्या पायांवर उडाली. म्हातारे भिंतीला चिकटले. मी उठायला लागले तर त्यानं टेबलावरून हात घालून माझा अंबाडा धरला आणि माझं डोकं खाली ओढलं. टेबलाच्या लोखंडी कडेवर भुवई आपटली. एकदा. परत एकदा. डोळ्यात रक्त उतरलं आणि मला एका बाजूचं दिसेनासं झालं. तो शिव्या देत होता. त्या सगळ्या शिव्या मला पाठ होत्या, आमच्या घरातल्याच होत्या.

पुस्तकं आडवी होऊ नयेत म्हणून फळीवर लावतात तो लोखंडी टेकू टेबलावर पडला होता. तो माझ्या हाताला लागला. मी न बघताच फिरवला. तो त्याच्या कानावर बसला आणि त्यानं माझे केस सोडले. मी टेबलाला वळसा घालून पुढं आले आणि दुसऱ्यांदा मारला, डोक्यात. तो गुडघ्यावर बसला. दोन्ही हात डोक्यावर धरले होते. आता तो काही करणार नव्हता, हे मला दिसत होतं. तरी मी तिसऱ्यांदा मारला. त्याच्या बोटांवर. हाडाचा आवाज आला, आणि मला बरं वाटलं. पुन्हा हात उचलला तेव्हा मला समोर तो दिसत नव्हता. ओल्या अंगानं बाहेर आलेला माणूस दिसत होता.

माझा हात वरच्या वर कुणीतरी धरला. चाचा होते. आवाज ऐकून धावत आले होते.

“बाई, सोडा! मरंल त्यो!”

“मरू दे.”

“तुमी आत जाशीला. सोडा म्हंतो ना!”

त्यांनी माझ्या मुठीतून तो टेकू एकेक बोट उलगडून काढला. मागून शेजारचे दोन दुकानदार आले, त्यांनी तिच्या नवऱ्याला खाली दाबून धरलं. तो तसाच फरशीला गाल लावून हसल्यासारखा बोलला, “जा, बघ जा तिला. लय पुस्तकं पायजे व्हती.”

मी दाराकडं वळले. तिचं घर कुठं, मला माहीत नव्हतं. वह्या आम्ही बांधून माळ्यावर टाकल्या होत्या. संगणक फरशीवर फुटून पडला होता. मग आठवलं की तीच माहिती माझ्या फोनमध्येही आहे. बोटाला रक्त लागलेलं होतं, काचेवर बोट टेकलं तरी काही हलेना. पदरानं पुसलं, काच पुसली, पुन्हा दाबलं. तिचं नाव आलं, खाली पत्ता. चाचांनी पोलिसांना फोन लावला आणि आम्ही दोघं रिक्षात बसलो. त्यांच्या हातात दुकानातली हातोडी होती. ती त्यांनी कधी उचलली, त्यांनाही सांगता आलं नसतं.

दोन खोल्यांचं घर. बाहेरून कडी, कडीला कुलूप. मी हाका मारल्या. आतून लहान मुलीच्या रडण्याचा आवाज आला. चाचांनी हातोडीनं कोयंडाच उखडला.

ती मोरीच्या कठड्याला टेकून बसली होती. उजवा हात कोपराच्या खाली भलत्याच दिशेला वळलेला. तो तिनं ओढणीनं पोटाशी बांधला होता. ओठ सुजून काळा झालेला. एक डोळा बंद. मुलगी तिच्या मांडीत तोंड खुपसून बसली होती. घरभर पानं पडली होती, गणिताची, फाडलेली, काही ओली. तिनं एका डोळ्यानं वर पाहिलं. माझ्या चेहऱ्यावरून रक्त गळत होतं.

“तुमाला बी?” ती म्हणाली.

सरकारी दवाखान्यात मला भुवईला टाके पडले. तिचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. लाटण्यानं मारलं होतं. लिहायचा हातच धरून मारलं होतं, तिनंच सांगितलं. “म्हनला, ह्याच हातानं लिवतीस ना?” प्लास्टर घालताना ती ओरडली नाही. मी तिच्या मुलीला बिस्किटं भरवत होते आणि मनात ठरवत होते, की आता सांगायचं. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी.

“त्याला मेसेज गेला तो माझ्याकडून गेला,” मी म्हणाले. “आपोआप जातो. माझ्या ध्यानातच आलं नाही.”

ती प्लास्टरच्या पांढऱ्या हाताकडं बघत होती.

“पर तुमाला म्हाईत व्हतं की, बाई. मी सांगितलं व्हतं.”

“व्हय,” मी म्हणाले.

ती रागानं बोलली असती, तर सोसलं असतं. तिनं तोंड भिंतीकडं केलं. संध्याकाळी तिचा भाऊ कळसहून गाडी घेऊन आला आणि तिला व मुलीला घेऊन गेला. जाताना तिनं मागं पाहिलं नाही.

पोलीस ठाण्यात एका महिला पोलिसानं माझा जबाब घेतला. मेसेज किती वाजता गेला ते दाखवा म्हणाली. ॲपमधली नोंद मी उघडली, पडद्याचा फोटो कसा काढायचा ते मला तोवर येत होतं. तारीख-वेळ दिसेल असे चार फोटो काढून तिला पाठवले. एकदाही चुकले नाही. मग ती म्हणाली, आता भांडणाचं सांगा. मी सांगितलं. पहिल्यांदा मारलं ते सुटण्यासाठी. दुसऱ्यांदा तो पुन्हा अंगावर येऊ नये म्हणून. तिसऱ्यांदा गरज नव्हती.

सर शेजारी बसले होते. बाहेर आल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

“बाई, तिसऱ्याचं कशाला सांगितलं?”

“झालं ते सांगितलं.”

“त्याच्या वकिलाला आयतं दिलंत हातात!”

तसंच झालं. त्यानं माझ्याविरुद्ध तक्रार केली. दोन बोटं मोडली होती, डोक्याला टाके होते. माझ्यावरही गुन्हा दाखल झाला. समितीची बैठक बसली. सगळी ओळखीची माणसं, वर्षानुवर्षं माझ्या हातून पुस्तकं नेलेली. एकजण म्हणाले, वाचनालयाच्या नावाला बट्टा लागला. दुसरे आबा म्हणून आहेत, वयस्कर, ते समजुतीच्या आवाजात बोलले.

“त्या पोरीचा संसार हाय. एक लेकरू हाय पदरात. दोन्हीकडच्या तक्रारी मागं घ्या नि मिटवा. तुमचं बी मोकळं व्हतंय.”

“तिला विचारलंत का?” मी म्हणाले.

“तिला काय इचारायचं? बापाला सांगू की.”

माझ्या भुवईचे टाके अजून ओले होते. मी उभी राहिले. इतकी वर्षं त्या खोलीत मी चहाचे कप ठेवण्यापुरतीच उभी राहिले होते. “आबा, मी सतरा वर्षं मिटवत होते,” म्हणाले. “कानाला अजून कमी ऐकू येतं. तिनं मिटवायचं ठरवलं तर तिची मर्जी. तिच्या वतीनं तुम्ही ठरवायचं नाही आणि मीही नाही.”

आवाज चढला होता. हात टेबलावर होता आणि मूठ वळलेली होती. समोरच्या माणसाचं लक्ष त्या मुठीकडं गेलं, मग माझंही गेलं. ती मी उघडली. मला तिची भीती वाटली होती. अजूनही वाटते. घरात भांडं पडलं, रस्त्यात कुणी बायकोवर ओरडला, की ती वळते. लोखंड हाडावर बसल्याचा तो आवाज मला आठवतो आणि त्याची लाज जेवढी वाटायला हवी तेवढी वाटत नाही.

बैठकीनंतर मी ॲप उघडलं. मेसेज बंद करायची खूण कुठं असते हे शोधायला मला दहा मिनिटं लागली. ती पहिल्या दिवसापासून तिथंच होती. मग मी सभासदांचे अर्ज पुन्हा काढले आणि एकेका बाईला विचारत गेले, हा नंबर कुणाचा? फोन कोण बघतं? काहीजणी हसल्या. काहीजणींनी आजूबाजूला बघून हळूच सांगितलं, नंबर काढून टाका बाई. अशा किती निघाल्या ते मी कुणाला सांगितलं नाही. समितीलाही नाही.

मी कळसला दोनदा गेले. पहिल्यांदा तिच्या आईनं दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा ती स्वतः बाहेर आली, ओट्यावर बसली. प्लास्टर निघालं होतं. परीक्षा हुकली होती, हात तेव्हा गळ्यात होता. बाप मिटवा म्हणत होता, भाऊ नको म्हणत होता, आणि ती दोघांचं ऐकून घेत होती. मी नेलेली पुस्तकं तिनं घेतली नाहीत. “हितं लायब्ररी न्हाय,” म्हणाली, “पर मी फोन घेतलाय. त्याच्यात सराव पेपर येतात म्हनं. मला काय उघडंना.”

मी तिच्या शेजारी बसले. तिनं फोन माझ्या हातात दिला. पहिल्यांदा त्याला कुलूप घातलं, मी बाजूला तोंड करून बसले आणि आकडे तिनं एकटीनं टाकले. मग पेपर कसे उतरवायचे ते दाखवलं. उजव्या अंगठ्यात तिला पुरता जोर नव्हता, म्हणून ती डाव्या हातानं दाबत होती आणि चुकत होती. चुकलं की “शी!” म्हणत होती. मी तिला म्हणाले, चुकू दे, परत आणता येतं. तिनं माझ्याकडं पाहिलं.

“सगळं न्हाय येत,” ती म्हणाली.

मी मान हलवली. आम्ही पुढचा पेपर उघडला.

खटला अजून चालू आहे. दोन्ही खटले. तिनं तक्रार मागं घेतलेली नाही. मधल्या काळात तिनं एक परीक्षा दिली, थोडक्यात राहिली, आता पुन्हा देते आहे. गेल्या तारखेला आम्ही तिघंही इंदापूरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात होतो. तो पलीकडच्या बाकावर बसला होता, वाळला होता, दोन बोटं सरळ होत नव्हती. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मी नजर काढली नाही. ती माझ्या शेजारी बसून फोनवर पेपर सोडवत होती. नाव पुकारलं तेव्हा तिनं आधी उत्तर पक्कं केलं, मग फोन पर्समध्ये टाकला आणि उठली. आत पाचच मिनिटं लागली. पुढची तारीख मिळाली.

बाहेर ऊन होतं. तिला कळसची गाडी होती, मला वाचनालय उघडायचं होतं. स्टँडपर्यंत आम्ही बरोबर चाललो. गाडी लागलेली होती. तिनं पायरीवर चढताना उजव्या हातानं दांडा धरून पाहिला, मग सोडला, डाव्या हातानं धरला आणि वर चढली.